दारू सोडायच्या गोळ्या

बोरगाव मेघे, वर्धा
१८ नोव्हेंबर २००६

चि. धीरज,

पोचल्याचं दोन ओळींचं कार्ड तरी टाकायचं होतंस. व्यसनमुक्ती केंद्रातून निघताना सगळ्यांपुढे मोठं भाषण ठोकलंस आणि रोहण्याची एसटी लागल्याबरोबर बहिणीला विसरलास. असो, तुझी खोड जुनी आहे.

फोन मी मुद्दामच करत नाही. महादेवरावांच्या दुकानात फोन वाजला की अर्धं गाव साखर घ्यायला येतं. आपलं बोलणं चारचौघांत करण्यासारखं नाही. तूही यापुढे बंद पाकिटातूनच लिही.

आता नीट वाच. नागपूरच्या डॉक्टरांनी तुला तोंडावर सांगितलं होतं, आधी दारू सोड, मगच औषध सुरू करू. पिणारा माणूस आज गोळी घेतो आणि उद्या गटारात झोपतो, असं ते म्हणाले तेव्हा तू खाली बघत होतास. पण सोडलीस. हातपाय थरथरले, रात्रभर भिंतीशी बोललास, मला शिव्या दिल्यास, तरी सोडलीस. जन्मात पहिल्यांदा तुला शाबासकी देते, जपून ठेव.

उरलेली अर्धी गोष्ट याहून अवघड आहे. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, आणि ती जन्मभर. मध्येमध्ये चुकवलीस तर रोगाला गोळीची सवय होते, मग ती घेतली काय आणि चणे खाल्ले काय, सारखंच. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं, कारण घरातल्या एकाला तरी सगळं माहीत असावं लागतं. तो एक म्हणजे मी.

मायला मी सांगितलंय की या दारू सोडायच्या गोळ्या आहेत. डबीवरचा कागद पाण्यात भिजवून काढून टाकला. एड्सचं नाव तिच्या कानावर गेलं तर ती एकतर विहीर जवळ करेल, नाहीतर तुझं ताट वेगळं मांडेल. मला दोन्ही नको. दारूची गोळी म्हटल्यावर बघ, देवाच्या नैवेद्यासारखी वेळेवर देईल.

तुझीच,
रक्षाताई


रोहणा
१० डिसेंबर २००६

ती. ताई,

धाकट्याचा नमस्कार. तुझी युक्ती जरा जास्तच लागू पडली. माय सकाळी देवाला फूल वाहते आणि लगेच मला गोळी. दिवा लावला की पुन्हा. परवा मी वावरात कापूस वेचत होतो, तर ही बाई गडू आणि गोळी घेऊन बांधापर्यंत चालत आली. वेचणाऱ्या बायका हसत होत्या. मी लहान पोरासारखं तोंड उघडलं.

सुरुवातीला अंगावर पुरळ उठलं, मळमळायचं. आता थांबलं. भूक लागते. किती दिवसांनी भाकरीची चव कळते आहे ते तुला सांगून पटणार नाही.

दारूची आठवण येते, खोटं कशाला लिहू. आपला जिल्हा दारूबंदीचा, म्हणजे उन्हाळ्यात पाणी मिळायचं नाही पण दारू घरपोच. शेजारचा लहानू रोज अंधार पडला की कुंपणापलीकडून खाकरतो. ट्रकवर मी ड्रायव्हर आणि तो क्लीनर होता तेव्हापासूनची ती खूण आहे. मी उठत नाही. मग तो एकटाच पितो आणि घरी जाऊन कांताला मारतो. इकडे भिंतीतून सगळं ऐकू येतं.

माय साऱ्या गावाला सांगत फिरते, "माह्या पोट्ट्याची दारू गोळीनं सुटली." केंद्रात मी नखं कुरतडत काढलेले तीन महिने कुठे गेले कोण जाणे. पण तिला अशा ताठ मानेनं विहिरीवर जाताना मी बाबा असतानाही पाहिलं नव्हतं. म्हणून गप्प बसतो.

तुझा,
धीरज


रोहणा
२ फेब्रुवारी २००७

बाई रक्षा,

तुही माय बोलून राह्यली अन् शेजारची कांता लिहून राह्यली. धीरज आर्वीले गेला, तवा म्हटलं निवांत लिहून घ्यावं.

पोट्ट्याची तब्येत सुधारली. गाल भरले. तू हे काम लय पुण्याचं केलं, बाई. तुह्या बापाले अशी गोळी भेटली असती तर तो आज वसरीत बसला असता.

आता एक आनंदाची गोष्ट सांगतो. पोळ्याले लहानूनं कांताच्या डोक्यात पाट घातला होता, तुले माहीत हाय. संक्रांतीच्या आसपास ती माह्यापाशी रडत आली. म्हणे मावशी, धीरजभाऊची एक गोळी द्या. आता दारात विरजण मागाले आलेल्या बाईले आपण नाई म्हणतो काय? विरजण देल्यानं आपलं दही कमी होत नाई. म्या देली. आता रोज देतो. कांता ते वरणात कुटून घालते, त्याले पत्ता नाई. चार दिवसात ओकाऱ्या कराले लागला. म्हणे मले दारूचा वासच सहन होऊन नाई राह्यला. तवापासून बाटलीले हात नाई लावला. मंग कौशल्याबाई आली जावयासाठी. तिलेही देल्या.

धीरजची त सुटली, त्याले आता एकच पुरते. तरी डब्बी लवकर सरते. तू नागपूरच्या डाक्टरले सांगून दोन डब्ब्या जास्तीच्या आणजो. गावाचं भलं होईल.

तुही माय
देवकाबाई

रक्षाताई, हे मी माझ्या मनानं लिहिते. परवा यांनी आमच्या पोरीची वेणी घातली. वाकडी झाली, पण पोरीनं दिवसभर सोडू दिली नाही. तुमचे उपकार मी कशानं फेडू? — कांता


बोरगाव मेघे
८ फेब्रुवारी २००७

धीरज,

मायचं पत्र दोनदा वाचलं. ती तुझ्या गोळ्या वाटते आहे. तुला माहीत आहे का? माहीत नसेल तर आज कळलं. माहीत असूनही गप्प असशील तर तुला काय म्हणावं हे मला सुचत नाही.

मी तिला पत्र टाकू शकत नाही, कारण तिची पत्रं कांताच वाचून दाखवते. हा विचार मी युक्ती करताना केला नव्हता. शहाणी समजत होते स्वतःला.

गोळ्या आधी तुझ्या ताब्यात घे. पेटीत ठेव, कुलूप लाव. खरं सांगवत नसेल तर डॉक्टरांचं नाव सांग, दुसऱ्याला दिली तर ते औषध बंद करतात म्हण. काहीही सांग, पण दोन्ही वेळची गोळी तुझ्याच पोटात गेली पाहिजे. आणि उलट टपाली मला कळव.

ताई


रोहणा
२४ फेब्रुवारी २००७

ती. ताई,

उलट टपाली लिहायला धीर झाला नाही, म्हणून उशीर.

मला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं. संध्याकाळी दिवा लावून झाला तरी माय गोळी घेऊन आली नाही. मी विचारलं तर म्हणाली, तुले आता एकच बस हाय. मी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून लहानूच्या पोरीचं हसणं ऐकू आलं. त्या घरातून मी आजवर फक्त रडणं ऐकलंय.

तू रागावशील, पण ऐकून घे. लहानू परवा पारावर माझ्याजवळ येऊन बसला. त्याला अजूनही वरणातल्या गोळीचं माहीत नाही. तो म्हणाला, "तुह्याकडे पाहूनच सोडली बे. धीरज सोडू शकते, त मी काऊन नाई?" ताई, माझ्याकडे बघून आजवर कोणी काही चांगलं केलेलं नाही. माझ्याकडे बघून लोक पोरांना सांगायचे, असं होऊ नको. आता कौशल्याबाई रस्त्यात थांबून तब्येत विचारते. महादेवराव दुकानात पाट सरकवून देतात. हे सगळं त्या एका गोळीवर उभं आहे, आणि ती गोळी कशाची आहे हे सांगितलं की हेच लोक माझी सावली चुकवतील.

मला बरं वाटतं. खोकला नाही, ताप नाही. एका गोळीवरही चालतंय असं दिसतं. नागपूरला डबी मोजतात तेव्हा ती रिकामीच असते, त्यामुळे तेही खूश.

रागावू नको.
धीरज


बोरगाव मेघे
२ मार्च २००७

धीरज,

घर जाळून कोळशाचा व्यापार करणारे लोक मी पाहिलेत, पण कोळसेही फुकट वाटणारा तूच पहिला. लोक पाट सरकवतात म्हणून जीव द्यायचा? तिरडीलाही लोक रस्ता देतात.

गोळी तुझी आहे. मी येते आहे, होळी झाली की. तोवर कुलूप लाव.

ताई


रोहणा
२९ मार्च २००७

ती. ताई,

तू होळीनंतर येणार होतीस, पण घरी सासऱ्यांचं आजारपण निघालं असं महादेवरावांच्या फोनवर तू सांगितलंस. बरं झालं आली नाहीस. इथे बघण्यासारखं काही नाही.

लहानू काल गेला.

होळीच्या आधी त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. कांतानं कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, गळ्यात झाडपाल्याची माळ घातली. माळ वाढत गेली की कावीळ उतरते म्हणतात. माळ काही वाढली नाही. अंगावर भाजल्यासारखं पुरळ उठलं, पोट फुगलं, मग माणसं ओळखेना. मी आणि त्याच्या भावानं जीपमध्ये घालून आर्वीला नेलं. डॉक्टरनं विचारलं, किती पीत होता? भाऊ म्हणाला, लय. डॉक्टरनं मान हलवली आणि पुढे काही विचारलंच नाही.

शेवटपर्यंत कांता वरणात गोळी देत होती. आजारी पडल्यावर तर दोन द्यायला लागली, जास्त गुण यावा म्हणून. माय तिला देत होती, आणि माय कुठून देत होती हे तुला ठाऊकच आहे. कुलूप मी लावलं नव्हतं.

तिरडीला खांदा दिला. दारूनंच गेला ना, ताई? मला तेवढं खरं लिही.

धीरज


बोरगाव मेघे
६ एप्रिल २००७

धीरज,

तू खरं विचारलंस, म्हणून मी नागपूरला गेले. समुपदेशक बाईंना म्हटलं, ओळखीत एका बाईनं चुकून दुसऱ्याच्या गोळ्या खाल्ल्या. त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, हा रोग नसलेल्या माणसाच्या यकृतावर ही गोळी उलटू शकते. पुरळ उठतं, कावीळ होते, माणूस जातो. त्यात आधीच दारूनं यकृत खराब असेल तर विचारायलाच नको. त्या मला त्या बाईचं नाव विचारत राहिल्या आणि मी पायऱ्या उतरून आले.

लहानू दारूनं गेला की गोळीनं, हे आता कोणी सांगू शकणार नाही. मला मात्र झोप नाही. खोटं मी बोलले. तू ते पाळलंस. आणि माय बिचारी विरजण समजून वाटत राहिली.

कौशल्याबाईच्या जावयाचं काय? त्याची गोळी आजच्या आज बंद झाली पाहिजे. आणि मायला खरं सांग. माझी शपथ नको, तिचीच घे. ती विहीर जवळ करेल म्हणून मी भीत होते. आता ती आणखी कोणाला तरी गोळी देईल, याची भीती जास्त आहे.

ताई


रोहणा
२२ एप्रिल २००७

ती. ताई,

सांगितलं.

कौशल्याबाईच्या जावयाच्या अंगावर पुरळ उठलं म्हणून तिनं दुसऱ्याच आठवड्यात गोळी बंद केली होती. तो पितो आणि धडधाकट आहे.

माय तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं बोललो. ट्रकवरचं, रस्त्यावरच्या बायांचं, रक्त तपासल्याचं, गोळीचं. ती निवडत राहिली. मी संपवल्यावर सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मंग लहानूले म्या मारलं."

मी म्हटलं, "नाई माय, तो दारूनं गेला. डाक्टरनं सांगतलं."

"तू माह्यासंग अजूनही खोटं बोलून राह्यला."

 संध्याकाळी तिनं दिवा लावला, गोळी आणली, माझ्या तोंडात घातली. जेवताना मी माझं ताट उचलून वसरीत निघालो, तर तिनं हात धरून खाली बसवलं आणि माझ्याच ताटातली भाकर मोडून खाल्ली. मी रडलो. ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कांताकडे गेली. मला वाटलं, आता सांगते. ती कांताच्या पोरीची वेणी घालून परत आली. तेव्हापासून रोज जाते. मी एकदा म्हटलं, कांताला सांगून टाकू का? ती म्हणाली, "तिनं कुटली होती गोळी. तिच्या हातानं. तिले हे कळलं त ते जगन काय?"

आता दोन्ही वेळा घेतो. एकही चुकत नाही.

धीरज


नागपूर
२५ नोव्हेंबर २००७

ती. ताई,

तू काल वॉर्डातून गेल्यावर डॉक्टर आले होते. तुझ्यासमोर जे गोल गोल बोलले ते मला सरळ सांगितलं. रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढल्या होत्या तिथून परत खाली आल्या आहेत, आता टीबीनं धरलं आहे, आणि या गोळ्या लागू पडत नाहीत. यापुढच्या गोळ्या इथे मिळत नाहीत. मुंबईला मिळतील असं बोलतात, पण तेही कधी ते माहीत नाही. त्यांनी विचारलं, मध्ये गोळ्या चुकवल्या का? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी विचारलं, दारू? मी म्हटलं, एक थेंब नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दोन्हीपैकी एक तरी खोटं आहेच. बरोबरच पाहिलं, फक्त कोणतं ते त्यांना कळलं नाही.

मी त्यांना खरं का नाही सांगितलं, विचारशील. सांगितलं असतं तर लहानूचं नाव कागदावर आलं असतं. त्याच्या मागे मायचं.

मला आता खूप जगावंसं वाटतं, ताई. हे मजेशीर आहे. पीत होतो तेव्हा कधी वाटलं नव्हतं.

मला रोहण्याला ने. इथे गोळी नर्स देते. ती कागदाच्या पुडीत ठेवून पुढच्या खाटेकडे जाते.

धीरज


रोहणा
१९ फेब्रुवारी २००८

बाई रक्षा,

तुही माय बोलून राह्यली, कांता लिहून राह्यली.

तेरवी झाल्यावर तू गेली, त पोचल्याचं पत्र भेटलं. मी बरी हाय. जेवतो. तू माह्यी काळजी करू नोको. तूही स्वतःले बोल लावू नोको. तू भावाच्या भल्याचंच केलं.

त्याच्या दारूच्या गोळ्या उरल्या होत्या. महादेवराव म्हणत होते ठेवा, कोणाच्या कामी येतील. म्या नदीवर नेऊन सोडल्या. डब्बीही फोडली. ज्याचं औषध त्याच्यासंग गेलं.

दुसरं काही लिहाचं नाई.

तुही माय
देवकाबाई

रक्षाताई, मावशी आत गेल्या आहेत, म्हणून हे माझे दोन शब्द.

मावशींचं मला काही कळत नाही. रोज माझ्या पोरीची वेणी घालायला येतात, घरातला दाणागोटा आणून देतात, आणि मी पाया पडायला वाकले तर मागे सरतात. परवा मी विरजण मागायला गेले, तर भरलं गाडगं समोर असून नाही म्हणाल्या. आता कोणालाच देत नाहीत. म्हातारपणी माणूस असा होतो का?

धीरजभाऊ टीबीनं गेले, पण शेवटपर्यंत प्यायले नाहीत, हे सारं गाव सांगतं. आमच्या यांनाही ती गोळी आधी मिळाली असती तर आज हे दिवस आले नसते. दारूनं आतून खाल्लं होतं, गोळीचा हात तिथवर पोचला नाही. पण जाण्याआधी दोन महिने मला माझा माणूस मिळाला, तो त्या गोळीमुळेच. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता माझा दीर प्यायला लागला आहे. भावाच्या दुःखानं सुरू केली, आता हात उचलतो. मावशींनी गोळ्या नदीत सोडल्या तेव्हा माझा जीव तुटला, पण बोलले नाही. तुमची नागपूरच्या दवाखान्यात ओळख आहे. एक डबी पाठवाल का? कशी द्यायची ते मला माहीत आहे.

पत्र माझ्या नावानं टाका. मावशींना सांगू नका.

कांता